फी दहा हजार, पण पत्र्याचं काय? पेण-रोह्यात जुनी फियाट वाचवण्याचा खरा हिशेब

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाची फी वाढवली. कारसाठी पाच हजारांचे दहा हजार झाले, मोटारसायकलसाठी एक हजाराचे दोन हजार. जीएसटी वेगळा. बातमी आली तेव्हा बहुतेक ग्रुपवर एकच सूर होता: झालं, आता आजोबांची फियाट भंगारात.

मला हा सूर चुकीच्या जागी लागलेला वाटतो. दहा हजार रुपये पाच वर्षांसाठी आहेत. म्हणजे वर्षाला दोन हजार, महिन्याला १६७ रुपये. तुमच्या मोबाइलचा महिन्याचा रिचार्ज बहुधा याहून महाग असेल. फी वाढली हे खरं, पण कोकणात जुनी गाडी संपते ती फीमुळे नाही, पत्र्यामुळे. फीचा आकडा आधीच माहीत असतो. गंजाचा आकडा मात्र गाडी उघडेपर्यंत कुणालाच माहीत नसतो, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

या लेखात तीन गोष्टी बघू. पेण-रोह्यात पत्रा इतक्या लवकर का सडतो, दुरुस्तीचे पैसे नेमके कुठे जातात, आणि सरकारचा नियम या सगळ्याकडे कसा बघतो.

आधी गाडी कोणती ते बघू

'क्लासिक कार' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यासमोर कोल्हापूरच्या दसऱ्यातली छत्रपतींची मेबॅक येते. तसल्या गाड्यांची काळजी घ्यायला माणसं असतात. आपल्या गल्लीतली क्लासिक म्हणजे प्रीमियर पद्मिनी, अँबॅसॅडर, जुनी महिंद्रा जीप किंवा पहिल्या पिढीतली मारुती ८००.

यातल्या पद्मिनीचं नातं आपल्या भागाशी जास्त. ती मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली, १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली, आणि २००१ च्या सुमारास उत्पादन थांबलं. तरी आपल्याकडे तिला कायम फियाटच म्हणतात. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. त्या टॅक्सींपैकी शेवटची ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. कुठे पडवीत, कुठे ताडपत्रीखाली, कुठे शेडमध्ये भाताच्या पोत्यांशेजारी.

एक तांत्रिक मुद्दा इथेच समजून घ्या, पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. जीपला खाली वेगळी जाड चासी असते आणि वर बॉडी बसवलेली असते. बॉडीचा पत्रा सडला तरी चासी बऱ्याचदा धडधाकट राहते. पद्मिनी, अँबॅसॅडर आणि मारुती ८०० यांची बॉडी मोनोकॉक पद्धतीची आहे. वेगळी चासी नाही. फरशीचा पत्रा, दाराखालचे पोकळ पट्टे आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे इथे गंज म्हणजे 'दिसायला वाईट' इतकंच नाही. दाराखालचा पट्टा, ज्याला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात, तो सडला म्हणजे घराचा खांबच सडला.

पेण-रोह्याची हवा आणि लोखंड

गंजायला लोखंडाला दोनच गोष्टी लागतात: पाणी आणि ऑक्सिजन. मीठ मिळालं की हेच काम कितीतरी पटीने वेगात होतं, कारण खारट पाण्यातून वीजभार सहज वाहतो आणि गंज ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पत्र्याच्या एका ठिकाणाहून लोखंडाचे कण सुटतात, शेजारच्या ठिकाणी ऑक्सिजन वापरला जातो. बॅटरीत जे चालतं त्याच जातीची ही गोष्ट, फक्त इथे बॅटरी म्हणजे तुमची गाडी.

आता आपला भाग बघा. पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी, खारेपाट, मिठागरं. रोहा कुंडलिकेच्या काठावर, आणि भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. जिल्ह्यात पावसाळ्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. रोह्याशेजारी धाटावची रासायनिक एमआयडीसी, पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना. समुद्राची खारी हवा आणि औद्योगिक वस्ती एकत्र येतात अशा जागा लोखंडाला सर्वात वाईट, हे गंजरोधाचं काम करणारा कुणीही सांगेल.

त्यात रस्ता. पनवेल ते इंदापूर या मुंबई-गोवा महामार्गाच्या टप्प्याचं रुंदीकरण २०११ पासून आपण बघतोय. खड्डे, खडी, चिखल. खडी उडून गाडीच्या पोटाचा रंग टवका टवका उडतो, मग त्या जागी चिखल बसतो. चाकाच्या कमानीत अडकलेला चिखल ओल्या पोटिसासारखा काम करतो. पाऊस थांबून आठवडा झाला तरी आतला थर ओलाच.

आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर अनेक ठिकाणी जस्ताचा थर असतो आणि सगळी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून काढलेली असते. पद्मिनीचा मूळ आराखडा १९५० च्या दशकातला. त्या जमान्यातल्या गाडीत पोकळ पट्ट्यांच्या आतल्या बाजूला फारसं संरक्षण नसतं. म्हणून तिचा गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला बारीक फुगवटा दिसतो तेव्हा आत काम बरंच पुढे गेलेलं असतं. गंजाची जागा मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असते, त्यामुळे तो फुगतो, दोन पत्र्यांची जोड फाकवतो आणि पाण्याला नवी वाट करून देतो.

फोनमधला एक आकडा, जो कुणी बघत नाही

हवामानाच्या ॲपमध्ये आपण तापमान आणि पावसाची शक्यता बघतो. जुनी गाडी असेल तर आणखी एक आकडा बघायची सवय लावा: दवबिंदू. बऱ्याच ॲपमध्ये तो आर्द्रतेच्या शेजारी असतो.

हवा ज्या तापमानाला थंड झाल्यावर तिच्यातली वाफ पाणी होऊन बसू लागते, तो दवबिंदू. समजा हवा २७ अंश आहे आणि आर्द्रता ८० टक्के. मग दवबिंदू साधारण २३ अंश येतो. रात्री उघड्यावरचा पत्रा हवेपेक्षाही थंड होतो. तो २३ च्या खाली गेला की पाऊस नसतानाही गाडी ओली. पहाटे बॉनेटवर जे पाणी दिसतं तेच फरशीखाली आणि पोकळ पट्ट्यांतही असतं, फक्त तिथे ते पुसायला कुणी जात नाही.

शिवाय पत्रा गंजायला पाण्याचे थेंब दिसायलाच हवेत असं नाही. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की लोखंडावर पाण्याचा अतिशय पातळ थर टिकू लागतो. आणि मीठ बसलेलं असेल तर ते ७५ टक्क्यांच्या आसपास हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. डब्यातलं मीठ जुलैत गोळा होतं ना, तसंच. आपल्या पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते.

यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात.

पहिली, घट्ट प्लॅस्टिकची ताडपत्री ही गाडीची मैत्रीण नाही. ती पाऊस अडवते, पण खालची वाफ कोंडते. वर छप्पर आणि चारी बाजूंनी वारा, ही व्यवस्था ताडपत्रीपेक्षा कधीही चांगली. शेडची जमीन मातीची असेल तर ओल खालून येते. निदान कोबा करून घ्या.

दुसरी, रंगकामाचा नियम आहे की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त हवं. जुलैत पेणला हवा २७ आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या वर जातो. फरक दोन अंशही राहत नाही. म्हणजे उघड्या गॅरेजमध्ये केलेला तो रंग ओलीवरच बसला. पेणला हे वेगळं सांगायला नको. गणपतीच्या कारखान्यात ओल्या मूर्तीवर कुणी रंग चढवत नाही, मग ओल्या पत्र्यावर का चढवायचा? बॉडीचं काम डिसेंबर ते एप्रिल या काळात करा. गणपतीआधी गाडी चकाचक हवी म्हणून जुलैत टाकाल तर दिवाळीनंतर रंग फुगायला लागेल.

पैसे नेमके जातात कुठे?

पेण तालुक्यात पोलाद तयार होतं, आणि तिथेच फियाटचा एक पट्टा बदलायला लोकांना घाम फुटतो. कारण इथे महाग आहे ते लोखंड नाही.

एक उदाहरण घेऊ. हे बाजारातलं दरपत्रक समजू नका, फक्त प्रमाण कळावं म्हणून मी धरलेले आकडे आहेत. आठ बाय चार फुटांचा, ०.८ मिलिमीटर जाडीचा पत्रा साधारण १८ ते १९ किलो भरतो. किलोला ८० रुपये धरले तर पूर्ण पत्रा दीड हजाराचा. एका बाजूच्या रनिंग बोर्डला त्याचा पाव भाग लागला असं धरा: चारशे रुपये.

आता काम मोजा. सीट, मॅट, दारं उतरवणं, एक दिवस. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापणं, एक दिवस. नवा पत्रा वाकवून मूळ आकार काढणं, एक दिवस. वेल्डिंग आणि घासणं, दोन दिवस. प्रायमर, सीलर आणि आतून मेणाचा थर, एक दिवस. झाले सहा दिवस. कारागीर आणि मदतनीस मिळून दिवसाला दोन हजार धरले तर बारा हजार. रंग यात धरलेलाच नाही.

चारशे रुपयांचं लोखंड, बारा हजारांचा वेळ. आणि ही फक्त एक बाजू. ज्या दहा हजारांच्या फीवरून एवढी ओरड झाली, ती फी इथे पहिल्याच पट्ट्यात मागे पडली.

हा वेळ इतका का लागतो? तीन कारणं आहेत.

एक, पातळ पत्र्याला उष्णता सोसत नाही. एका दमात लांब वेल्ड ओढला की पत्रा पापडासारखा वाकतो. त्यामुळे इथे एक टाका, मग हातभर लांब दुसरा टाका, मध्ये थंड होऊ देणं, असं शिवणकामासारखं जावं लागतं. जुन्या गॅस वेल्डिंगने उष्णता जास्त पसरते, सीओटू वेल्डिंगने कमी. धाटाव-डोलवीमुळे आपल्या भागात वेल्डरची वाण नाही, पण इंचभर जाड प्लेट जोडणारा उत्तम वेल्डर ०.८ मिलिमीटरचा पत्रा जाळून भोक पाडू शकतो. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

दोन, तयार भाग मिळत नाहीत. कारखाना बंद होऊन दोन दशकं उलटली. मग एक तर पत्रा हाताने ठोकून आकार द्यायचा, नाहीतर दुसऱ्या गाडीतून कापून आणायचा. त्यासाठी मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची जुन्या सुट्या भागांची दुकानं आणि चोरबाजार. ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली तिथेच तिचे तुकडे विकले जातात. टॅक्सी मोडीत निघाल्या तेव्हा असा माल बराच आला असणार, पण ती एकदाच आलेली भरती होती. पुन्हा तेवढं पाणी येणार नाही. शिवाय मुंबईच्या पावसात वीस वर्षं भिजलेल्या टॅक्सीचा पट्टा आणून आपल्या गाडीला लावताना तो आतून किती शाबूत आहे तेही बघायला हवं.

तीन, आधी अंदाज देता येत नाही. फियाट घेऊन गेलात आणि कारागिराने तिथल्या तिथे छातीठोक आकडा सांगितला, तर मी उलट सावध होईन. मॅट उचलल्यावर फरशी, फरशी कापल्यावर आतला पट्टा, पट्टा उघडल्यावर जॅक लावायची जागा, असं एकातून एक निघत जातं. चांगला कारागीर म्हणतो की आधी उघडून बघू, मग बोलू. ते टाळाटाळ वाटतं, पण प्रामाणिक उत्तर तेच आहे.

रीलमधली फियाट आणि पुट्टीची जादू

तीस सेकंदांच्या रीलमध्ये गंजलेली गाडी चमकते. बघायला मजा येते. पण आधी आणि नंतरच्या मध्ये काय झालं ते रीलमध्ये नसतं.

स्वस्तातला मार्ग ठरलेला आहे. गंज वरवर घासायचा, भोकावर पत्र्याचा तुकडा किंवा जाळी लावायची, वर पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, रंग. पुट्टी वाईट नसते. ठोकाठोकीनंतर राहिलेली बारीक उंचसखल भरून काढायला तीच लागते. पण पुट्टी भार पेलत नाही, आणि खालचा गंज जिवंत असेल तर एक-दोन पावसाळ्यांत ती सुटून येते. तोवर गाडी विकली गेलेली असते. मग भोगतो तो नवा मालक.

'घरगुती' उपायांचंही थोडं सांगतो. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं, व्हिनेगरमध्ये ॲसिटिक, लिंबात सायट्रिक. नटबोल्टसारखे सुटे लहान भाग यात बुडवले तर गंज खरंच सुटतो. गाडीच्या पट्ट्यावर मात्र हे ओतू नका. जोडात शिरलेलं आम्ल धुऊन निघत नाही आणि आत बसून पत्रा खात राहतं. गंज रूपांतरक म्हणून जे द्रव मिळतात ते वरवरच्या गंजावर ठीक, पण पत्र्याचं पीठ झालं असेल तिथे रूपांतर करायला लोखंडच शिल्लक नसतं. गाडीच्या पोटाला जुनं इंजिन ऑइल फासण्याची पद्धतही सोडा. ते रबराचे भाग खराब करतं आणि पावसात वाहून विहिरी-ओढ्यांत जातं.

हे सगळं इतकं ठासून सांगण्याचं कारण जिवाचं आहे. मोनोकॉक गाडीत सीटचे बोल्ट फरशीत, पट्ट्याचे हुक फरशीत किंवा खांबात. अपघातात तुम्हाला धरून ठेवायचं ते पत्र्याने. पुट्टी तुम्हाला धरणार नाही.

नियम वय मोजतो, अवस्था मोजत नाही

आता बातमीकडे परत येऊ. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षं चालते. मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. पनवेलची एमएच-४६ सोडली तर रायगडच्या एमएच-०६ गाड्यांचं कार्यालय पेणला आहे, त्यामुळे रोहेकरांच्या फियाटचाही कागद पेणलाच फिरतो. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी दहा हजार. शिवाय राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत पंधरा वर्षं जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदीवरून जे चाललंय ते दिल्ली परिसरापुरतं आहे. रायगडच्या गाडीला लागू नाही. फॉरवर्ड आला तर घाबरू नका.

दुसरीकडे जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी यात येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार, ती दहा वर्षं चालते. फेरनोंदणीला पाच हजार. नव्या नोंदणीला क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, आधीच नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. अटी दोन. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला गाडी काढायची नाही; रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. आणि चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल केलेला नसावा.

या दोन नियमांच्या मध्ये आपली फियाट अडकते. १९७६ ची पद्मिनी २०२६ मध्ये व्हिंटेज होऊ शकते. १९९० ची थांबेल २०४० पर्यंत. आणि २००१ ची थांबेल २०५१ पर्यंत, म्हणजे २०२६ चा धरून अजून पंचवीस पावसाळे. तोवर तिचं नाव 'जुनी प्रदूषण करणारी गाडी' या यादीत, आणि फीही त्याच हिशेबाने.

बाहेर काय करतात? जुन्या गाड्यांची जागतिक संघटना 'फिवा' तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक मानते. जर्मनीत तीस वर्षांनंतर नंबरप्लेटवर 'एच' अक्षर मिळतं, पण आधी तज्ज्ञ गाडी तपासून ती मूळ रूपात आणि चांगल्या अवस्थेत असल्याचं प्रमाणित करतो. ब्रिटनमध्ये सवलतींची रेषा चाळीस वर्षांची आहे. आपल्याकडे पन्नास.

वयाच्या आकड्यावर वाद घालता येईल. माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. आपली फी फक्त वय बघते. चौदा वर्षांची, खालून पूर्ण सडलेली खासगी कार कुठल्याही तपासणीविना रस्त्यावर धावू शकते. पस्तीस वर्षांची, निगुतीने जपलेली, महिन्यातून एकदा बाहेर पडणारी पद्मिनी दहा हजार भरते. म्हणजे ज्याने पत्र्यावर लाखभर घातले त्याला आणि ज्याने पुट्टी मारली त्याला फी एकच. मग चांगलं काम करून घ्यायला मालकाला कारण काय उरतं? तीस वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग करा, फी कमी ठेवा, आणि बदल्यात गाडी लिफ्टवर घेऊन खालचा सांगाडा तपासणं सक्तीचं करा. सुरक्षाही मिळेल आणि पत्रेकाम करणाऱ्या कारागिरांना कामही.

तोवर एक इशारा. चासी नंबर ठोकलेला पत्रा गंजला असेल तर तो परस्पर कापू नका आणि नंबर स्वतः ठोकून घेऊ नका. त्याला आरटीओची परवानगी लागते. नाहीतर गाडी चोरीची ठरण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

फोन घेऊन करायची तपासणी

गाडी घरची असो की विकत घ्यायची, अर्धा तास द्या.

१. लोहचुंबक: पातळ, मऊ चुंबक कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या भागावर, चाकांच्या कमानीवर, रनिंग बोर्डवर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे आत पुट्टी आहे.

२. एंडोस्कोप कॅमेरा: फोनला यूएसबीने जोडायचा वायरसारखा कॅमेरा हजार रुपयांच्या आत मिळतो. रनिंग बोर्डच्या निचऱ्याच्या भोकातून तो आत सरकवा. तपकिरी पापुद्रे दिसले तर मामला गंभीर.

३. मॅट उचला: पुढच्या सीटखालची फरशी हाताने दाबून बघा. कुरकुर आवाज आला किंवा ओल लागली तर काचेच्या रबरातून पाणी येतंय.

४. जॅक लावायची जागा: मालकाला विचारून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज हवा. भद आवाज म्हणजे पोकळ.

५. कागद: एम-परिवहन ॲपवर नोंदणीची मुदत, पहिल्या नोंदणीची तारीख बघा. पन्नास वर्षांचा हिशेब त्याच तारखेपासून सुरू होतो.

६. फोटो: काम सुरू झालं की रोज एक फोटो मागा, विशेषतः कापल्यानंतरचा आणि पुट्टी भरण्याआधीचा. उघड्या पत्र्याचा फोटो द्यायला जो टाळतो त्याच्याकडे गाडी ठेवू नका.

आणि गॅरेजमध्ये बोलताना थेट विचारा: काका, सडलेला पत्रा कापणार की त्यावरच तुकडा मारणार? वेल्डिंग गॅसचं की सीओटूचं? पेट्रोलची टाकी उतरवणार ना? आतून काय मारणार? ज्याला काम येतं तो या प्रश्नांवर खूश होतो.

करायचं की सोडायचं?

माझा साधा नियम असा. गंज मडगार्ड, दारं, डिकी यांवर असेल तर करा. हे भाग उतरतात, खर्च आवाक्यात राहतो. रनिंग बोर्ड आणि फरशी गेली असेल तर खर्च गाडीच्या बाजारभावाच्या वर जाईल हे धरूनच उतरा, आणि टप्प्याटप्प्याने करा: आधी सांगाडा, मग पाण्याच्या वाटा, शेवटी रंग. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. सस्पेन्शन जिथे बसतं ते खांबच सडले असतील आणि भावनिक नातं नसेल, तर ती गाडी दुसऱ्या फियाटसाठी सुटे भाग म्हणून जाऊ द्या. त्यात अपमान नाही. एका गाडीच्या पत्र्यावर दुसरी वाचते.

आणि ज्यांची गाडी अजून बरी आहे त्यांनी मे संपायच्या आत चार कामं उरका. निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. काचेची रबरं बदला. पोकळ पट्ट्यांत मेणाचा फवारा मारून घ्या. ही कामं पट्टा बदलण्याच्या तुलनेत फार थोड्या पैशांत होतात. फी किती ठेवायची ते दिल्ली ठरवेल. पत्रा किती शिल्लक राहील ते मात्र मे महिन्यात तुमच्याच हातात असतं.